बेंच पॉइंट्स म्हणजे बेंचची ताकद नव्हे

एनबीए बास्केटबॉलचा सामना बघताना पडद्यावर एक आकडा हमखास झळकतो : बेंच पॉइंट्स. एका संघाच्या राखीव खेळाडूंचे ४५ गुण, दुसऱ्याचे ३०. लगेच कॉमेंटेटरपासून आपल्यापर्यंत सगळे ठरवून टाकतात, कोणाचं बेंच भारी. आकडा खरा असतो, त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र बऱ्याचदा फसवा.

गैरसमज : जास्त गुण करतं ते बेंच चांगलं

ज्यांनी सामना सुरू केला नाही त्यांनी किती गुण केले, एवढंच हा आकडा सांगतो. सुरुवातीचे पाच जण लेचेपेचे असतील तर राखीव खेळाडूंना जास्त मिनिटं मिळतात, आणि मिनिटं मिळाली की गुण होतातच. सामना एकतर्फी झाला तर शेवटच्या क्वार्टरमध्ये दोन्हीकडची मोठी नावं खांद्यावर टॉवेल टाकून बसून राहतात. त्या निकाल लागून गेलेल्या मिनिटांतले गुणही याच खात्यात जमा होतात.

कधीकधी तर संघातला सर्वाधिक सरासरीचा खेळाडूच बेंचवरून येतो. २००७-०८ च्या हंगामात सॅन अँटोनिओ स्पर्सच्या मनू जिनोबिलीची सरासरी होती १९.५ गुण, म्हणजे सहकारी टिम डंकन आणि टोनी पार्कर दोघांपेक्षा जास्त. त्या वर्षीचा सर्वोत्तम राखीव खेळाडूचा ‘सिक्स्थ मॅन’ पुरस्कारही त्यालाच मिळाला. कोच ग्रेग पॉपोविचने त्याला रोज पहिल्या मिनिटापासून उतरवलं असतं तर स्पर्सचे बेंच पॉइंट्स धाडकन कोसळले असते. संघ मात्र तोच राहिला असता.

मग बघायचं काय? मुख्य खेळाडू विश्रांतीला बसला की आघाडीचं काय होतं, ते. सामना ४८ मिनिटांचा. समजा, संघाचा हुकमी खेळाडू ३६ मिनिटं खेळला आणि तेवढ्या वेळात संघाने १२ गुणांची आघाडी कमावली. उरलेल्या १२ मिनिटांत राखीव खेळाडूंनी त्यातले ९ घालवले, तर हाती राहिले ३. तेच त्यांनी फक्त ४ घालवले तर राहतात ८. बेंचने सामना जिंकून द्यायची गरज नाही, कमी हरलं तरी पुष्कळ. सामन्यामागे ५ गुणांचा फरक म्हणजे ८२ सामन्यांच्या हंगामात ढोबळमानाने डझनभर विजय.

२०२३ चा विजेता डेन्व्हर नगेट्स याचं उत्तम उदाहरण. हुकमी खेळाडू निकोला योकिच बाहेर बसला की हंगामभर या संघाची दाणादाण उडायची. कोच मायकेल मलोनने प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, यावर नवा संघ उभा केला नाही. योकिच बसला की ॲरन गॉर्डनला सेंटरला सरकवायचं आणि मैदानात मुख्य खेळाडूंपैकी कोणीतरी ठेवायचंच, असा मिनिटांचा हिशेब बसवला. म्हणजे ज्याला आपण ‘बेंचची कामगिरी’ म्हणतो, त्यातली बरीचशी कोचच्या वेळापत्रकाची कामगिरी असते.

गैरसमज : प्लस-मायनस पाहिलं की संपलं

खेळाडू मैदानात असताना संघाने किती गुण कमावले किंवा गमावले, ते प्लस-मायनस. कल्पना चांगली आहे, पण मैदानात दहा जण असतात आणि श्रेय-दोष सगळ्यांच्या नावावर चढतो. योकिचसोबत खेळणाऱ्या राखीव गार्डचं प्लस-मायनस फुगणारच. एका सामन्याचा आकडा तर लॉटरीच. दोन-तीन हंगामांची बेरीज आणि सोबत कोण होतं, समोर कोण होतं याचा हिशेब लावल्यावरच त्याला अर्थ येतो.

क्वचित एखाद्या सामन्यात मात्र हा आकडा खरंच बोलतो. २०२५ च्या प्लेऑफमध्ये ओक्लाहोमा सिटी थंडर विरुद्ध डेन्व्हर, सातवा सामना. थंडरने बेंचवरच्या ॲलेक्स कारुसोला, सहा फूट पाच इंचांच्या गार्डला, जवळजवळ सात फुटी योकिचच्या अंगावर सोडलं. तो पुढून आडवा यायचा, पास हातात पडण्याआधीच हात घालायचा. कारुसोचे गुण फक्त ११, प्लस-मायनस मात्र ४० ने वर. थंडर १२५-९३ असा जिंकला. बेंच पॉइंट्सच्या यादीत या माणसाची किंमत तुम्हाला कुठेही सापडणार नाही.

गैरसमज : ‘३६ मिनिटांमागे’ सरासरी काढली की छुपा हिरा सापडतो

बारा मिनिटांत आठ गुण, म्हणजे ३६ मिनिटांत २४? असं होत नसतं. बारा मिनिटं तो समोरच्या दुसऱ्या फळीशी खेळतो आणि जीव तोडून धावतो. मिनिटं वाढली की प्रतिस्पर्धी बदलतो, दमछाकही होते.

गैरसमज : बेंच जितकं लांब तितका संघ भक्कम

हंगामात हे बऱ्यापैकी खरं आहे. २०१३-१४ मध्ये स्पर्सचा एकही खेळाडू सरासरी ३० मिनिटं खेळला नाही, तरी त्यांनी ६२ सामने जिंकले आणि ताज्या पायांनी अंतिम फेरी गाठली. मायामी हीटला संपवणाऱ्या पाचव्या सामन्यात बेंचवरच्या पॅटी मिल्सने १७ गुण केले. पण प्लेऑफमध्ये मुख्य खेळाडू चाळीसेक मिनिटं खेळतात, कोच आठ-नऊ जणांवरच भागवतो आणि अकरावा-बारावा कितीही गुणी असला तरी बसून राहतो.

२०२५ च्या अंतिम फेरीतल्या तिसऱ्या सामन्यात इंडियाना पेसर्सच्या बेंचने थंडरच्या बेंचवर ४९-१८ अशी मात केली आणि सामनाही जिंकला. पुढच्याच सामन्यात कारुसोने २० गुण केले, पाच वेळा चेंडू हिसकावला आणि थंडरने बरोबरी साधली. मालिकेत बेंचचं सर्वात देखणं प्रदर्शन पेसर्सचं होतं. सात सामन्यांअखेर करंडक मात्र थंडरने नेला.

पुढचा सामना बघाल तेव्हा पडद्यावरचा तो आकडा सोडून द्या. मोठा खेळाडू बसला त्या क्षणी गुणफलक टिपा, तो परत उतरला की पुन्हा टिपा, आणि वजाबाकी करा.