डॉक्टरांनी काढलेला कालवा

अफगाणिस्तानातही बहुतेक घरे शेतीवरच जगतात. डोंगरावरचे बर्फ वितळून जे पाणी येते, त्यावर त्यांचा गहू. २००० साली तिथे भयंकर दुष्काळ पडला. नंगरहार भागात जपानी डॉक्टर तेत्सू नाकामुरा दवाखाना चालवीत. घाण पाणी पिऊन, हगवणीने पोरे दगावू लागली. औषधाआधी चांगले पाणी अन् पोटाला अन्न हवे, हे ओळखून डॉक्टरांनी विहिरी खणवल्या. सुमारे १६०० झाल्या! पिण्याचे भागले, पण शेत कोरडेच.

मग २००३ मध्ये कुनार नदीवरून कालवा काढायला घेतला. पैसा 'पेशावर-काई' या संस्थेमार्फत जपानी लोकांच्या देणग्यांचा, हात तिथल्याच शेतकऱ्यांचे. नदीत तिरका दगडी बंधारा घातला. नमुना जपानमधल्या १७९० सालच्या यामादा बंधाऱ्याचा. काठाला तारेच्या जाळीत दगड भरून रचले, मागे वाळुंजाची झाडे लावली. त्यांची मुळे दगडांना आवळून धरतात. आपल्या ओढ्यांवरचे गॅबियन बंधारे आठवा, तीच जात. जाळी तुटली तर गावकरीच ती विणून पुन्हा दगड भरतात, बाहेरच्या इंजिनियरची वाट पाहावी लागत नाही. मला तर कालव्याच्या लांबीपेक्षा याचेच मोल जास्त वाटते.

२०१० पर्यंत सुमारे २५ किलोमीटर कालवा झाला आणि गंबेरीच्या वाळवंटात पीक उभे राहिले. मशीद झाली, मुलांना शिकायला मदरसा झाला.

४ डिसेंबर २०१९ रोजी जलालाबादेत डॉक्टरांना गोळ्या घातल्या गेल्या. सोबतचे पाच अफगाणही गेले. त्यांच्या माणसांनी काम पुढे चालू ठेवले.