जुनाट नखुरडे : मलम की कोरडा हात?

एकाएकी ठणकणारे, पू धरणारे आणि फुटले की आराम पडणारे नखुरडे सर्वांच्या परिचयाचे आहे. सुश्रुताने ह्यास ‘चिप्प’ म्हटले असून गरम पाण्याचा शेक, शस्त्राने निचरा व वर राळेची पूड असा उपचार सांगितला आहे. पू झाला असता निचरा करणे आजही मान्यच आहे.

परंतु सहा आठवडे उलटूनही न हटणारे नखुरडे हा निराळाच विकार होय. ह्यात ठणका बेताचा; मात्र नखाच्या मुळाची कातडी सुजून राहते, तिला नखाशी सांधणारी पातळ किनार नाहीशी होते आणि त्या फटीत साबणाचे पाणी, कणीक, मसाला शिरत राहतो. लिंबात बोट खुपसण्याचा घरगुती उपाय येथे आगीत तेल ओततो. फटीत बुरशी सापडते, म्हणून पूर्वी बुरशीचीच औषधे देत. २००२ साली इटलीतील वैद्यांनी ४५ रोग्यांवर तुलना केली. स्टेरॉइडच्या मलमाने ४८ पैकी ४१ नखे बरी झाली वा सुधारली. पोटात घेतलेल्या इट्राकोनाझोल वा टर्बिनाफिनने मात्र सुमारे निम्मीच. बुरशी बहुधा मागाहून येते. मूळ दाह ओलाव्याचा व साबणाचा असतो.

म्हणून कोणी दुकानातून मनानेच मलम आणू नये. अशी मिश्र मलमे गजकर्णावर चोळून तो रोग हट्टी झाल्याची उदाहरणे आपल्या देशात उदंड आहेत. नांदेड व लातूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथील त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावे. मधुमेह तपासून घ्यावा, आणि एकच बोट महिनोन्‌महिने बरे होत नसेल तर गाठीची शंका फेडून घ्यावी.

पाणी दुर्मिळ म्हणून हात कोरडे राहतात असेही नाही. २०१६ साली मिरजेहून आगगाडीने लातुरास पाणी आणावे लागले. अशा टंचाईत एकाच घमेल्यात सारी भांडी विसळावयाची, म्हणजे बोटे साबणाच्या पाण्यातच. सोवळ्याच्या स्वयंपाकात तर हात पुसण्याचीही सवड नसते. रबरी हातमोजे, त्यांच्या आत सुती मोजे, हा उपाय खरा. पण ती किनार पुन्हा धरावयास काही महिने लागतात, आणि एकत्र कुटुंबात इतके दिवस सुनेच्या हातची भांडी कोणी घ्यावयाची, हे वैद्याने नव्हे, घरातील वडीलधाऱ्यांनी ठरवावयाचे आहे.