टॅबलेट घरी बांधावा की विकत घ्यावा?
लांज्याच्या दुकानदार-कारागिरांसाठी एक हिशेब

संगणक म्हणजे शहरातून पेटीबंद आणायची वस्तू, आणि बिघडला की पुन्हा शहरातच पाठवायची, असा आपल्याकडे समज आहे. हा समज थोडा बाजूला ठेवून व्यापारी व कारागीर बंधूंनी या विषयाकडे पाहावे, असे आम्हांस वाटते.

स्वस्त टॅबलेटचा प्रयोग आपल्या देशात सरकारनेही केला. ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत 'आकाश' जाहीर झाला. पुढे मुंबईच्या आयआयटीने काम हाती घेतले आणि ११ नोव्हेंबर २०१२ रोजी 'आकाश-२' आला. पहिल्या 'आकाश'चा वेग कमी होता व त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे. त्याच वर्षी, २९ फेब्रुवारी २०१२ रोजी, इंग्लंडमधील केंब्रिजच्या संस्थेने 'रास्पबेरी पाय' हा एकाच पाटीवरचा संगणक ३५ डॉलरला बाजारात आणला. आकार ८५ बाय ५६ मिलिमीटर, म्हणजे हाताच्या पंजात मावेल एवढा. २०१५ साली त्याला जोडता येणारा सात इंची स्पर्शपडदा ६० डॉलरला आला आणि घरी टॅबलेट बांधण्याचा मार्ग सोपा झाला.

काय लागते?

पाटी, पडदा, मेमरी कार्ड, लिथियमचे सेल, पाच व्होल्टचे सर्किट आणि खोके. पडदा पट्टीसारख्या केबलने जोडला जातो, त्यात फारसे डाग देणे नाही. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याला हे सहज जमेल. खोके सुताराने फणसाच्या लाकडाचे केले तरी चालेल. मात्र हवेसाठी भोके ठेवावीत. चिप ८० अंशांवर तापली की संगणक आपोआप मंदावतो.

खरे कौशल्य विजेत आहे. 'पाय-३' ला पाच व्होल्ट, अडीच अँपिअरची सोय लागते. ३००० एमएएचचा एक सेल सुमारे ११ वॅट-तास देतो. दोन सेल व सर्किटमधील तूट धरली तर हाती १९ वॅट-तास उरतात. पडद्यासह सहा वॅट खर्च धरला तर तीन तास काम चालते. पावसाळ्यात वीज गेली असता दुकानाचा हिशेब पुरा करण्यास एवढे पुरे. मात्र कित्येक पॉवर बँका वीज जाता-येताना क्षणभर बंद पडतात. तेवढ्यानेही कार्डावरील हिशेब खराब होऊ शकतो. तेव्हा सर्किट तपासूनच घ्यावे. जुन्या लॅपटॉपचे फुगलेले वा चेपलेले सेल कदापि वापरू नयेत, आग लागते.

आणखी एक गोष्ट दुकानदाराने विसरू नये. २०२३ च्या 'पाय-५' पूर्वीच्या मुख्य पाट्यांत घड्याळ नाही. इंटरनेट नसेल तर बंद करून चालू केल्यावर तारीख मागे राहते आणि बिलावर चुकीची तारीख पडते. 'डीएस ३२३१' नावाचे छोटे घड्याळ बटणसेलसह जोडावे, म्हणजे प्रश्न मिटतो.

फायदा कोणाचा?

पाटी आणि पडदा मिळूनच मूळ किंमत ९५ डॉलर होते. सेल, कार्ड, मजुरी वेगळी. त्यामुळे नुसता व्हिडिओ पाहायचा असेल, तर तयार टॅबलेटच स्वस्त पडेल. शिवाय टॅली विंडोजसाठी असल्याने ते यावर थेट चालत नाही. हिशेबासाठी 'लिबर ऑफिस' मात्र फुकट मिळते व त्यात मराठीही लिहिता येते.

मग बांधावा कशासाठी? दुरुस्तीसाठी. पडदा फुटला तर पडदाच बदलावा, सेल थकले तर सेलच. तयार टॅबलेटमध्ये सेल चिकटवलेले असतात व सुटे भाग मिळेपर्यंत यंत्र जुने होते. महामार्गावरच्या लांज्यात मोबाईल दुरुस्त करणाऱ्या तरुणाने असा एक संच स्वतःच्या दुकानासाठी बांधावा आणि वर्षभर चालवून पाहावा. नफा पहिल्या संचात नाही. सेल, सर्किट आणि पडदा यांचे जे ज्ञान हाती येईल, त्याला पुढे दुकानादुकानांतून गिऱ्हाईक मिळेल.