थंडी नव्हे, ओल

घोडेगाव परिसरात कुंडीतला निवडुंग हिवाळ्यात दगावला की बोल थंडीला लावला जातो. खरा अपराध बहुतेक वेळा ओल्या मातीचा असतो. घोड नदीच्या खोऱ्यात निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीची ऊब निघून जाते, गार हवा सखल जागी साचते आणि पारा दहा अंशांखाली उतरतो. पण पाणी गोठण्याइतकी थंडी इथे दुर्मीळच. पुण्याला शिवाजीनगरात १.७ अंशांची नीचांकी नोंद झाली, ती जानेवारी १९३५मध्ये. माती कोरडी असेल तर बहुतेक निवडुंग पाच-सहा अंश सोसतात. माती ओली असेल तर मात्र थंडीने मंदावलेली मुळं पाणी उचलत नाहीत, ओल दिवसेंदिवस टिकते आणि बुरशी आत शिरते. बुंधा तपकिरी, मऊ दिसू लागतो तोवर सड वर चढलेली असते. उलट, पाणी तोडलेल्या निवडुंगाचा रस दाट होतो, आणि दाट रस लवकर गोठत नाही.

जुन्नर-आंबेगावचा शेतकरी इथे रास्त शंका घेईल: कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागेला पाणी देतात, मग निवडुंगाला का नको? ओली जमीन दिवसाची ऊब जास्त साठवते, हे खरंच. पण शेताच्या मातीला खोली असते. कुंडीतली थोडकी माती चहूबाजूंनी गार पडते आणि ओल तेवढी मागे उरते. प्लास्टिकने झाकल्यानेही ओलच कोंडते. त्यापेक्षा कुंडी दक्षिणेकडच्या भिंतीलगत, अवकाळी पाऊस लागणार नाही अशी ठेवावी. फार गारठा असेल तर रात्रीपुरतं सुती कापड टाकावं. अंधाऱ्या खोलीत नेलेल्या निवडुंगाचा शेंडा फिकट आणि बारीक होतो.

म्हणून पाणी पूर्ण बंद करावं का? थंड देशांतली पुस्तकं तसं सांगतात, पण तिथली दुपार इथल्यासारखी तापत नाही. शिवाय रोपवाटिकेतल्या लाल-पिवळ्या डोक्याच्या निवडुंगाचं कलम सहसा ड्रॅगन फ्रूटच्या जातीच्या तिधारी खोडावर असतं. ते खोड उष्ण प्रदेशातलं: गारठाही त्याला आधी बाधतो आणि महिनोन्महिने कोरडं राहणंही मानवत नाही. अशा कुंडीत तळापर्यंत काडी खुपसून पाहावी. ती कोरडी निघाली तर उबदार दिवशी सकाळी थोडं पाणी द्यावं. ओलसर निघाली तर, थंडी कितीही असो, झारी बाजूला ठेवावी.