डॉबरमन की रॉटवायलर? आधी हृदय आणि हाडं विचारा

बंगला बांधून झाला, कंपाउंडची भिंत उभी राहिली, की राखणीला कुत्रा कोणता आणायचा यावर घरात बैठका झडू लागतात. मोठा आणि रुबाबदार हवा म्हटलं की बोलणं बहुतेक वेळा दोन नावांपाशी येऊन थांबतं. मग शेजारीपाजारी आपापलं ज्ञान उघड करतात. डॉबरमनचा मेंदू म्हणे वाढत जातो, कवटीत मावत नाही आणि शेवटी तो मालकावरच उलटतो. रॉटवायलर तर जन्मतःच खुनशी! यातलं पहिलं विधान शुद्ध थाप आहे. कुठल्याही कुत्र्याचा मेंदू कवटीबाहेर वाढत नाही. दुसऱ्यावर मात्र जरा सविस्तर बोलायला हवं.

दोन्ही जाती मूळच्या जर्मनीतल्या. रॉटवाइल गावचे खाटीक गुरं हाकायला आणि गाड्या ओढायला जे दणकट कुत्रे वापरत, ते रॉटवायलर. रेल्वे आल्यावर गुरं हाकण्याचं काम संपलं आणि जात जवळपास लयाला चालली होती. 1910 साली जर्मन पोलिसांनी तिला मान्यता दिली आणि ती तगली. डॉबरमन त्या मानाने नवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आपोल्डा गावात कार्ल डॉबरमन नावाचा करवसुली अधिकारी होता. वसुलीला सोबत आणि संरक्षण म्हणून त्याने चपळ, सावध कुत्र्यांची पैदास सुरू केली, असं सांगतात. (या कुत्र्याचे ताठ उभे कान मात्र निसर्गाची देणगी नव्हेत, ते कापून तसे केलेले असतात. जन्मतः ते लोंबतेच.)

आता स्वभावाचं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 18 हजारांहून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली आणि 2 हजारांहून अधिक कुत्र्यांचे जनुकसंच वाचले. 2022 साली ‘सायन्स’मध्ये आलेला त्यांचा निष्कर्ष असा, की कुत्र्याकुत्र्यांमधल्या वागणुकीच्या फरकापैकी जेमतेम 9 टक्के फरक जातीवरून उलगडतो. सांगितलेलं ऐकण्याची तयारी जातीनुसार त्यातल्या त्यात बदलते. पण कुत्रा किती लवकर चिडेल, हे जातीवरून जवळजवळ सांगताच येत नाही. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने वीसहून अधिक ‘हिंस्र’ जातींवर बंदी घालण्याचं पत्र राज्यांना पाठवलं होतं. त्या यादीत रॉटवायलर होता, डॉबरमन नव्हता. पुढच्याच महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. यादीत एक असावा आणि दुसरा नसावा, याला वर्तनशास्त्राचा आधार शोधू गेलं तर फारसा सापडत नाही. अर्थात 50 किलोच्या कुत्र्याचा चावा हा 10 किलोच्या कुत्र्याच्या चाव्यापेक्षा भयंकर असतो, हे सांगायला संशोधन लागत नाही.

स्वभाव घडतो तो बऱ्याच अंशी वयाच्या तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यात. या काळात पिल्लाने माणसं, मुलं, रिक्षाचा आवाज, पाहुणे हे सगळं न घाबरता अनुभवलं, तर पुढे ते त्याला नेहमीचं वाटतं. 2017 च्या श्वानपैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. म्हणजे घरच्यांच्या हाती जेमतेम सहा आठवडे उरतात. लसीकरण पुरं व्हायचं असतं म्हणून अनेक जण नेमके हेच आठवडे पिल्लू कोंडून ठेवतात. त्याला जमिनीवर सोडू नका हवं तर, पण कडेवर घेऊन फिरवा.

जात खरी बोलते ती शरीरात. डॉबरमनच्या हृदयाचा स्नायू हळूहळू दुबळा होतो, कप्पे पसरतात, ठोके चुकू लागतात. म्युनिकच्या पशुवैद्यकांनी 412 डॉबरमन तपासून 2010 साली मांडलेला अंदाज असा, की आयुष्यात केव्हा ना केव्हा सुमारे 58 टक्के डॉबरमनना हा आजार होतो. कधीकधी पहिलं लक्षण अचानक मृत्यू हेच असतं. चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदवणाऱ्या होल्टर तपासणीत आणि सोनोग्राफीत तो आधी पकडता येतो आणि औषधाने लांबवता येतो, बरा मात्र होत नाही. रक्त नीट न गोठण्याचा एक आनुवंशिक दोषही या जातीत बराच आढळतो, तेव्हा कुठल्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना त्याची आठवण करून द्या.

रॉटवायलरचं दुखणं सांध्यांत आणि हाडांत. खुब्याचा सांधा सैल असणं आणि हाडाचा कर्करोग, ही त्याची दोन मोठी संकटं. 2002 च्या एका अमेरिकी अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या रॉटवायलरपैकी साधारण चारात एकाला हाडाचा कर्करोग झाल्याचं दिसलं. म्हणून घाई नको, वेळ डॉक्टरांशी बोलून ठरवा. आणि ते कॅल्शियमचं टॉनिक! पिल्लू दणकट व्हावं म्हणून आपल्याकडे ते हौसेने पाजलं जातं. मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियम आणि भरमसाट खाणं यांनी हाडं वेडीवाकडी वाढण्याचा धोका असतो. पिल्लू सडपातळ राहिलेलंच बरं.

उन्हाचाही विचार हवा. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो. डॉबरमनची लव आखूड आणि एकपदरी, रॉटवायलरची दुपदरी, त्यात वजन जास्त. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात रॉटवायलर दुपारी सावलीत आणि पंख्याखालीच हवा. पहाटेचा फेरफटका दोघांनाही चुकवता येणार नाही. डॉबरमनला तर धावायला सोबतीही लागतो.

मला विचाराल तर मी रॉटवायलरच्या बाजूने कौल देईन. त्याच्या सांध्यांचं बरंचसं मालकाच्या हातात असतं: खाणं, वजन, नसबंदीची वेळ. डॉबरमनचं हृदय मालकाच्या हातात नसतं. पण घरात 50 किलोच्या कुत्र्याचा पट्टा आवरणारं कोणी नसेल, तर रॉटवायलरचा नाद सोडा. आणि दोघांपैकी कोणालाही दिवसभर साखळीला बांधूनच ठेवायचं असेल, तर राखणीला चांगलं कुलूप आणि कॅमेरा घ्या. पिल्लू ठरवायला जाल तेव्हा त्याचे आईबाप बघा. डॉबरमन असेल तर त्यांचा हृदयाचा अहवाल मागा, रॉटवायलर असेल तर खुब्याचा एक्स-रे. नुसते वंशावळीचे कागद पुढे करून विकणारा टाळाटाळ करू लागला, तर आगाऊ रक्कम देऊ नका.