डेटा मिटवण्याचा आदेश आणि डोमेनची नोंदवही

संगणकातील फाइल हटवली आणि रिसायकल बिन रिकामा केला, तरी ती माहिती बहुधा हार्ड डिस्कवर शिल्लक राहते. हटवण्याच्या आज्ञेने केवळ फाइलची नोंद जाते आणि तिची जागा पुन्हा वापरण्यास मोकळी असल्याची खूण होते. त्या जागेवर दुसरी माहिती लिहिली जाईपर्यंत जुना मजकूर सहज उपलब्ध असलेल्या साधनांनी परत मिळवता येतो. कार्यालयातील संगणक भंगारात, लिलावात किंवा दुसऱ्या कर्मचाऱ्याच्या हाती जाण्यापूर्वी त्यातील डेटा कायमचा मिटवणे त्यामुळेच आवश्यक ठरते. दोन-चार संगणकांचे काम हाताने होते. अनेक शहरांतील शाखांत हजारो संगणक असतील, तर डेटा मिटवणारे सॉफ्टवेअर एका केंद्रातून चालवावे लागते आणि ते कंपनीच्या डोमेनशी जोडावे लागते.

या कामातील हलगर्जी किती महाग पडते, याचे उदाहरण अमेरिकेतील मॉर्गन स्टॅनली या वित्तसंस्थेचे आहे. जुनी डेटा केंद्रे बंद करताना योग्य देखरेख न ठेवल्याबद्दल तेथील बँक नियामकाने ऑक्टोबर २०२० मध्ये तिला ६ कोटी डॉलरचा दंड केला. सप्टेंबर २०२२ मध्ये रोखे बाजार नियामकाने आणखी साडेतीन कोटी डॉलरचा दंड आकारला. हजारो हार्ड डिस्क आणि सर्व्हर निकाली काढण्याचे काम डेटा नष्ट करण्याचा अनुभव नसलेल्या एका सामान-वाहतूक कंपनीकडे सोपवले गेले होते. त्यांपैकी काही उपकरणे ग्राहकांच्या माहितीसह इंटरनेटवरील लिलावात विकली गेली. नंतर नोंदींचा ताळा घेतला असता ४२ सर्व्हर बेपत्ता असल्याचे आढळले.

भारतातही हा प्रश्न आता कायद्याच्या कक्षेत आला आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार ज्या उद्देशाने माहिती घेतली तो संपल्यावर, अन्य कायद्याने ती जपणे बंधनकारक नसेल तर, ती मिटवणे संस्थेचे कर्तव्य आहे. माहितीच्या सुरक्षेसाठी वाजवी उपाय न योजल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डेटा मिटवला, एवढे सांगून भागणार नाही. कोणत्या यंत्रावरील, कधी आणि कोणत्या पद्धतीने मिटवला, याचा पुरावा संस्थेकडे असावा लागेल.

नोंदवही आणि आदेश

डोमेन म्हणजे कंपनीच्या संगणकांचे आणि कर्मचाऱ्यांचे जणू हजेरीपत्रक. मायक्रोसॉफ्टची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी ही विंडोज २००० सर्व्हरसोबत आलेली व्यवस्था आजही असंख्य कार्यालयांत हे काम करते. प्रत्येक संगणकाचे आणि प्रत्येक कर्मचाऱ्याचे त्यात स्वतंत्र खाते असते. ही खाती शाखा किंवा विभागानुसार कप्प्यांत मांडलेली असतात. कोणत्या कप्प्याला कोणते नियम लागू, हे ग्रुप पॉलिसीद्वारे ठरते.

डेटा मिटवणारी केंद्रीय प्रणाली या हजेरीपत्रकाशी तीन टप्प्यांत जोडली जाते. प्रथम प्रणालीचा सर्व्हर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीतील संगणकांची आणि गटांची यादी वाचतो. त्यानंतर ग्रुप पॉलिसीमार्फत प्रत्येक संगणकावर एक छोटे सहायक सॉफ्टवेअर बसवले जाते. शेवटी हे सहायक केंद्राशी संपर्क साधते, डोमेनमधील ओळख दाखवते आणि आपल्या वाट्याचा आदेश घेते.

या व्यवस्थेला स्वतःचा वेग असतो. विंडोज संगणक ग्रुप पॉलिसी साधारणपणे दर ९० मिनिटांनी तपासतो आणि त्यात ३० मिनिटांपर्यंतची भर पडू शकते. ग्रुप पॉलिसीतून संगणकाला नेमून दिलेले सॉफ्टवेअर तर तो पुन्हा सुरू झाल्यावरच बसते. घड्याळात पाच मिनिटांहून अधिक तफावत असेल, तर डोमेनची ओळख-तपासणी नेहमीच्या मांडणीत संगणकाला नाकारते. कपाटात बंद पडलेल्या लॅपटॉपपर्यंत आदेश पोहोचतच नाही. केंद्रातून आदेश निघाला म्हणजे काम झाले, असे मानणे म्हणूनच धोक्याचे आहे.

चुकीच्या यादीचे संकट

याहून मोठा धोका उलट बाजूचा आहे. डोमेनशी जोडणी झाल्यावर एखाद्या गटात संगणकाचे नाव असणे, हाच त्याचा डेटा मिटवण्याचा आदेश ठरू शकतो. मे २०१४ मध्ये अमेरिकेतील अटलांटा येथील एमरी विद्यापीठात विंडोज ७ नव्याने बसवण्याचा आदेश केंद्रीय व्यवस्थापन प्रणालीतून चुकून विद्यापीठाच्या सर्व विंडोज यंत्रांकडे गेला. त्या आदेशाची सुरुवात डिस्कची नव्याने विभागणी करून ती कोरी करण्यापासून होती. लॅपटॉप, डेस्कटॉप आणि सर्व्हर त्यात सापडले. आदेश देणारा सर्व्हरही सुटला नाही. तेथे कोणी हल्ला केला नव्हता. प्रणालीने तिला सांगितले तेच केले होते.

या कारणास्तव जोडणी करताना काही पथ्ये पाळणे अगत्याचे ठरते. यादी वाचणाऱ्या खात्याला केवळ वाचण्याची मुभा असावी. त्याला डोमेनच्या सर्वोच्च प्रशासकाचे अधिकार देण्याचे कारण नाही. सेवेतून काढावयाच्या संगणकांसाठी वेगळा कप्पा असावा आणि त्यात खाते हलवण्याचा अधिकार मोजक्याच लोकांकडे असावा. गटाच्या पोटात दुसरा गट असू शकतो, हे ध्यानात घेऊन अंतिम यादी नावानिशी तपासावी. सर्व्हर त्या यादीतून स्पष्टपणे वगळावेत. संपूर्ण डिस्क मिटवण्याच्या आदेशाला दुसऱ्या अधिकाऱ्याची मंजुरी आणि काही तासांची प्रतीक्षा असावी. या प्रणालीच्या सर्व्हरचा ताबा मिळवणारा एका आदेशात सारी कंपनी कोरी करू शकतो, म्हणून त्याला डोमेनच्या मुख्य सर्व्हरइतकेच संरक्षण हवे.

काय मिटते, काय उरते

मिटवण्याची पद्धतही यंत्रानुसार बदलते. फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कवर संपूर्ण जागेवर पुन्हा लिहिणे पुरेसे ठरते. एसएसडीमध्ये मात्र झीज सर्वत्र सारखी राहावी म्हणून तिचा नियंत्रक माहितीच्या जागा सतत बदलत असतो. वरून लिहिलेले प्रत्येक कप्प्यापर्यंत पोहोचेलच, याची शाश्वती नसते. तेथे उपकरणात अंगभूत असलेली मिटवण्याची आज्ञा वापरावी लागते किंवा आधीपासून कूटबद्ध केलेल्या डेटाची किल्ली नष्ट करावी लागते. विंडोजच्या बिटलॉकर या कूटबद्धीकरण सुविधेत पुनर्प्राप्तीचा संकेतशब्द आणि किल्लीची प्रत अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीत ठेवण्याची सोय आहे. डिस्कवरील किल्ली गेली आणि डिरेक्टरीतील प्रत तशीच राहिली, तर काम अपुरे राहते.

दुसरीकडे, सर्वच मिटवणेही योग्य नव्हे. सायबर सुरक्षेची राष्ट्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या कामकाजाच्या नोंदी १८० दिवस सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे. तात्पुरत्या फाइली रोज रात्री साफ करणारा नियम सरसकट साऱ्या डोमेनला लावला आणि त्यात या नोंदीही गेल्या, तर डेटा-संरक्षणाच्या नावाखाली दुसऱ्याच नियमाचा भंग होतो.

सर्वांत सहज होणारी चूक क्रमाची आहे. जुना संगणक वापरातून गेला की त्याचे डोमेनमधील खाते लगेच काढून टाकण्याचा प्रघात अनेक कार्यालयांत असतो. खाते गेले की संगणकाची ओळख संपते, केंद्राचा आदेश त्याच्यापर्यंत पोहोचत नाही आणि आतील डेटा मात्र जागच्या जागी राहतो. क्रम उलटा हवा. आधी डेटा मिटवावा, मग तो मिटल्याची पडताळणी करावी. अहवालातील अनुक्रमांक यंत्रावरील अनुक्रमांकाशी जुळवावा आणि त्यानंतरच खाते काढावे. जे नाव यादीतून आधीच गळाले, त्या यंत्राचा हिशेब पुढे कोणीही विचारत नाही.