खिडकीतील निवडुंग आणि पिठ्या ढेकूण

घरातील कोरफड, पानफुटी किंवा निवडुंग यांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसू लागले, की पुष्कळजण ती बुरशी समजतात. ती बुरशी नव्हे. तो पिठ्या ढेकूण होय. सोंड खुपसून तो रस शोषतो आणि जास्तीची साखर चिकट्याच्या रूपाने बाहेर टाकतो. त्या चिकट्यासाठी मुंग्या त्याची गुरांसारखी राखण करतात. तेव्हा कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली, की आधी झाड तपासावे.

ही कीड क्षुल्लक मानू नये. तिच्याच जवळच्या नात्यातला कोशिनील किडा १९२६ साली सिलोनातून आणून सोडला, आणि त्याने दक्षिण हिंदुस्थानातील फड्या निवडुंगाची रानेच्या राने फस्त केली. तेथे ते हवेच होते. आपल्या खिडकीत नको आहे!

पिठ्याच्या अंगावर मेणाचे पीठ असते, त्यामुळे नुसते पाणी ओघळून जाते. कापसाचा बोळा स्पिरिटात भिजवून एकेक पुंजका पुसावा. हे संध्याकाळी करावे. उन्हात पान भाजते. पुंजक्यात शेकडो अंडी असतात, म्हणून दर आठवड्यास, असे तीन-चार वेळा. येथेच बहुतेकांचा धीर सुटतो.

एवढ्यावरही झाड सुकत राहिले, तर ते उपसून मुळे पाहावीत. तेथे पांढरे दिसल्यास माती फेकून द्यावी, मुळे धुवावीत, झाड चार दिवस सावलीत सुकवून नव्या कोरड्या मातीत लावावे. मांसल झाडाला हा उपास सहज सोसतो. विकत आणलेली नवी कुंडी मात्र महिनाभर इतरांपासून दूर ठेवावी.